नागपूरच्या पावसाळ्यात घोड्यांच्या चाऱ्याच्या गाठी कशा राखाव्यात

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. काटोल रोडवर शहराबाहेर आपले चार घोडे आहेत. मार्चमध्ये आपण ओटच्या वाळल्या चाऱ्याच्या ४५० गाठी घेतल्या, त्या टिनाच्या शेडमध्ये सिमेंटच्या जमिनीवर छतापर्यंत रचल्या आणि धूळ बसू नये म्हणून त्यांच्याभोवती ताडपत्री घट्ट आवळून बांधली. ऑगस्टमध्ये ताडपत्री सोडली तेव्हा खालचा थर काळा पडलेला होता, वरच्या थरातून कुबट वास येत होता, आणि आता दोन घोडे सकाळी चारा खाताना खोकतात. हा चारा उन्हात वाळवून वापरता येईल का, पुढच्या वर्षी साठवण कशी करावी, आणि त्यापेक्षा बाजारात मिळणारा गाठीतला मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा) घोड्यांना देणे सोपे पडेल का, असे आपण विचारले आहे. गेली सव्वीस वर्षे मी नागपूर आणि परिसरातल्या तबेल्यांची चाऱ्याची व्यवस्था पाहत आलो आहे, त्या आधारे हे उत्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. बुरशी लागलेली गाठ उन्हात पसरली की तिच्यातला ओलावा जातो आणि बुरशीची वाढ थांबते, परंतु आधी तयार झालेले बीजाणू तसेच राहतात, आणि बुरशीने चाऱ्यात सोडलेली विषे उन्हाच्या उष्णतेने नष्ट होत नाहीत. उलट ओल्या चाऱ्यात चिकटून बसलेले बीजाणू वाळल्यावर मोकळे होतात, म्हणून असा वाळवलेला चारा झटकला तर पूर्वीपेक्षा जास्त धूर उडाल्यासारखा दिसतो. बुरशीचा भाग कापून टाकून उरलेली गाठ घालण्याची सवयही मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. गाठ दाबून बांधलेली असल्यामुळे बुरशीचे तंतू आणि बीजाणू डोळ्यांना दिसतात त्याच्या बरेच पुढे गेलेले असतात, म्हणून ज्या गाठीत काळा किंवा पांढरा पट्टा दिसला ती संपूर्ण गाठ घोड्यासाठी बाद समजावी.

इथे शेजारचे शेतकरी आपल्याला सांगतील की आमची गुरे असला चारा खातात आणि त्यांना काही होत नाही. गुरांच्या बाबतीतही ते पूर्ण खरे नाही, पण घोड्याच्या बाबतीत तर ही तुलनाच लागू पडत नाही. बैलाच्या पोटात चारा आधी कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात जातो, आणि तिथले सूक्ष्मजीव अनेक विषारी द्रव्यांचा जोर आतड्यात जाण्याआधीच कमी करतात. घोड्याचे पोट लहान आणि एकाच कप्प्याचे असते, चारा कुजवून पचवण्याचे काम शेवटी मोठ्या आतड्यात होते, त्यामुळे विष आधी लहान आतड्यातून रक्तात शिरते. शिवाय घोड्याला उलटी करता येत नाही. एकदा पोटात गेलेली वाईट वस्तू त्याला पुढेच ढकलावी लागते, आणि वाटेत ती पोटशूळ उठवते. गुरांसाठी चालेल त्या चाऱ्यावर घोडा ठेवणे म्हणजे त्याच्या शरीररचनेकडे दुर्लक्ष करणे होय.

खोकल्याचे कारण बहुधा हेच आहे. घोडा चारा खाताना नाक त्यात खुपसून खातो. पाच मायक्रॉनपेक्षा लहान कण थेट फुप्फुसाच्या खोल भागात पोहोचतात, आणि बुरशीचे व उष्णता आवडणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू याच आकाराचे असतात. वारंवार असे कण गेले की श्वासनलिका आवळतात, चिकट स्राव साचतो आणि घोड्याला दम्यासारखा आजार जडतो. एकदा तो जडला की चारा सुधारल्यावर लक्षणे जातात, पण पुन्हा एक वाईट गाठ मिळाली की परत येतात. माझ्या देखरेखीतली एक घोडी एका पावसाळ्यात असा चारा खाल्ल्यामुळे पुढची नऊ वर्षे प्रत्येक ऑगस्टमध्ये धापत होती, आणि त्या गाठी मीच तिला घालू दिल्या होत्या. गाठी फोडणाऱ्या सईसालाही याच धुळीने फुप्फुसाचा आजार होतो, म्हणून त्याला चांगला मास्क देणे ही मालकाची जबाबदारी आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपण साठवणुकीत तीन चुका केल्या, त्यांचे पुढे पाहू. परंतु गाठीचे भवितव्य निम्म्याहून अधिक ती बांधली त्या दिवशीच ठरलेले असते. कापलेला चारा बांधतेवेळी त्यात किती पाणी होते, यावर पुढचे सर्व अवलंबून आहे. लहान चौकोनी गाठीत १५ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर ती सुरक्षित मानावी. १८ टक्के ही शेवटची हद्द. २० टक्क्यांच्या वर बुरशी जवळजवळ नक्की, आणि २५ टक्क्यांच्या वर गाठ आतून तापू लागते. मोठ्या गोल गाठीतून ओलावा आणि उष्णता बाहेर पडायला वाट कमी असते, म्हणून तिच्या बाबतीत १५ टक्क्यांच्या खालीच राहावे. गाठ बांधल्यानंतर पहिले दोन ते चार आठवडे तिच्यातून उरलेली वाफ बाहेर येत राहते, तिला घाम सुटतो असे आम्ही म्हणतो. या काळात ती घट्ट झाकली तर ती वाफ तिच्यातच परत जिरते.

ओटच्या चाऱ्यात फसगत होण्याचे ठिकाण म्हणजे कांड्याचे पेर. पाते लवकर वाळते, हातात कुरकुरीत लागते आणि माणूस समाधानाने बेलर (गाठी बांधणारे यंत्र) लावतो; पेरामध्ये मात्र अजून ओल असते. म्हणून चारा विकत घेताना पाते पाहू नये, पेर पाहावे. एक कांडी पेरापाशी वाकवावी. कट् असा आवाज होऊन ती मोडली पाहिजे. ती नुसती वळली, किंवा नखाने पेर खरवडल्यावर नखाला ओल लागली, तर तो चारा बांधण्याजोगा झालेला नव्हता.

खरेदीचा हंगामही महत्त्वाचा आहे, आणि या बाबतीत नागपूरला निसर्गाने मोठी सोय दिली आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरलेला ओट फेब्रुवारीत निम्मा फुलोरा ते दाण्यात दूध भरण्याच्या अवस्थेत येतो, आणि त्या वेळी आपल्याकडची दुपारची हवा इतकी कोरडी असते की दोन-तीन दिवसांत, एकदा उलटवून, चारा उत्तम वाळतो. फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च या काळातला चारा मी सर्वांत विश्वासार्ह मानतो, एकाच अटीवर की त्यावर अवकाळी पाऊस किंवा गारपीट झालेली नसावी. कापून शेतात पसरलेल्या चाऱ्यावर पाऊस पडला की त्यातली साखर धुऊन जाते, रंग तपकिरी होतो आणि बुरशीला सुरुवात मिळते. विकणारा तो पुन्हा वाळवून बांधतो आणि बाहेरून काही कळत नाही. त्यामुळे चारा कापला त्या आठवड्यात त्या भागात पाऊस झाला होता का, हे मी नेहमी दुसऱ्या कोणाकडून तरी विचारून घेतो.

याउलट ऑक्टोबरमध्ये कापलेल्या रानगवताच्या गाठींपासून सावध राहावे. जमीन ओली असते, पहाटे दंव पडते, दिवस लहान होत जातात, आणि गवत वरवर वाळलेले दिसले तरी आत ओल राहते. शिवाय कुसळी गवत उशिरा कापले तर त्याची टोकदार कुसळे चाऱ्यासोबत बांधली जातात आणि घोड्याच्या हिरड्यांत व जिभेखाली रुततात. बारा वर्षांपूर्वी मी अशा ऑक्टोबरच्या २०० गाठी स्वस्त मिळाल्या म्हणून उतरवून घेतल्या होत्या. तीन आठवड्यांनी गंजीतून गुळासारखा, भाजल्यासारखा गोड वास येऊ लागला. आम्हाला तो आवडला. घोड्यांनीही चारा आवडीने खाल्ला. तो वास चारा आतून तापून करपल्याचा होता, आणि अशा चाऱ्यातली प्रथिने पचण्याजोगी उरत नाहीत, हे मला नंतर वजन घटलेल्या घोड्यांकडे पाहून समजले. ती गंजी पेटली नाही हे आमचे नशीब.

ट्रक आला की उतरवण्याआधी तपासावे, कारण गाठी एकदा शेडमध्ये गेल्या की परत पाठवणे शक्य होत नाही. पहिली तपासणी तराजूची. एकाच मापाच्या गाठींचे वजन सारखे असायला हवे. १२ टक्के ओलाव्याची १८ किलोची गाठ असेल, तर तेवढाच कोरडा चारा असलेली २२ टक्के ओलाव्याची गाठ सव्वावीस किलोच्या वर भरते. ट्रकच्या वरून, मधून आणि तळातून मिळून पंधरा-वीस गाठी तोलाव्यात; जी सोबतच्यांपेक्षा दोन किलोने जड लागेल ती फोडून मधला भाग हाताने चाचपावा. वजनावर पैसे देत असाल तर हिशेबही लक्षात घ्या: पाच टन चाऱ्यात १२ टक्के ओलावा असेल तर ४,४०० किलो कोरडा चारा मिळतो, २२ टक्के असेल तर ३,९००. फरकाचे ५०० किलो पाणी आपण चाऱ्याच्या भावाने घेतलेले असते.

दुसरी तपासणी मिठाची, आणि ती कोणालाही करता येते. झाकणाच्या कोरड्या काचेच्या बरणीत गाठीच्या आतला मूठभर चारा बारीक कापून घालावा, त्यात चमचाभर अगदी कोरडे मीठ टाकावे आणि दोन-तीन मिनिटे हलवावे. मीठ मोकळे राहिले तर ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या आत आहे. त्याचे गोळे झाले किंवा ते काचेला चिकटले तर नाही. ही चाचणी पावसाळी हवेत करू नये, कारण तेव्हा मिठाला तसेही पाणी सुटलेले असते. नेमका आकडा हवा असेल तर १०० ग्रॅम चारा मायक्रोवेव्हमध्ये, कोपऱ्यात पाण्याचा पेला ठेवून, आधी दोन मिनिटे आणि नंतर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने तापवत वजन करत जावे. वजन उतरायचे थांबले की जितके ग्रॅम कमी झाले तितके टक्के ओलावा. शेवटी शेवटी चारा जळू शकतो, म्हणून तिथून हलू नये.

रंगावरून फार निष्कर्ष काढू नयेत. बाहेरचा थर उन्हाने पिवळा पडलेला असला तरी आत हिरवट रंग आणि स्वच्छ गवताचा वास असेल तर गाठ चांगली आहे. मात्र हिरवेपणाबरोबर जीवनसत्त्व अ तयार करणारे कॅरोटीन जाते, आणि साठवलेल्या चाऱ्यात ते महिन्यागणिक कमी होत राहते, हे ध्यानात ठेवून उन्हाळ्याच्या शेवटी घोड्यांना थोडा हिरवा चारा मिळेल असे पाहावे.

गाठी आल्यावर पहिले तीन-चार आठवडे त्या मोकळ्या, कमी उंचीच्या थरांत, मध्ये हवा खेळेल अशा ठेवाव्यात आणि रोज तापमान पाहावे. टोकाशी भोके पाडलेला लोखंडी पाइप गंजीच्या मध्यापर्यंत खुपसून त्यात दोरीने तापमापक सोडला की काम होते. नागपूरमध्ये यात एक अडचण आहे: एप्रिलच्या दुपारी टिनाखालची हवाच इतकी तापलेली असते की गंजी आतून तापते आहे की बाहेरून, हे कळत नाही. म्हणून मोजमाप पहाटे पाच-सहाच्या सुमारास, हवा सर्वांत थंड असताना करावे आणि त्याच शेडमधल्या जुन्या कोरड्या गाठींशी ताडून पाहावे. ५० अंशांच्या खाली असेल तर नुसते लक्ष ठेवावे. ५५ ते ६० दिसले तर गंजी मोडून गाठी सुट्या कराव्यात. ७० अंशांजवळ पोहोचली तर धोका मोठा आहे, आणि ८० च्या आसपास असेल तर गाठींना हात न लावता १०१ वर अग्निशमन दलाला बोलवावे, कारण गाठ ओढताच आत हवा शिरते आणि तोपर्यंत धुमसणारा गाभा पेट घेतो. अशी आग बांधणीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत लागते. त्यासाठी, आणि मे महिन्यातल्या विडी-काडी व उघड्या वायरींच्या भीतीसाठीही, चाऱ्याची शेड घोड्यांच्या तबेल्याला लागून नसावी. मध्ये किमान १५ मीटर मोकळी जागा असावी, अधिक असेल तर उत्तम.

आता आपल्या शेडमधल्या तीन चुका. पहिली जमिनीची. सिमेंटची फरशी कोरडी दिसते, पण तिच्याखाली आपली काळी माती असेल तर पावसाळाभर ती पाणी धरून राहते आणि सिमेंट ती ओल वर ओढत राहते. खालचा थर काळा पडतो तो बहुतेक यामुळे. माती काढून मुरूम भरला, त्यावर जाड प्लास्टिक अंथरून मग फरशी केली तर ओल थांबते. ते शक्य नसेल तर लाकडी पॅलेट किंवा विटांवर बांबूंचा तराफा करून गाठी जमिनीपासून किमान १५ सेंटिमीटर उचलाव्यात. त्या पोकळीतून हवा वाहिली पाहिजे, म्हणून तिथे भुसा किंवा पोती कोंबू नयेत. वाळवी आपल्याकडे हमखास लागते. दर आठवड्याला बॅटरी घेऊन खाली वाकून पाहणे हा मला सापडलेला सर्वांत भरवशाचा उपाय आहे.

दुसरी चूक उंचीची. छतापर्यंत गाठी भरल्या की टिनाखाली हवा राहत नाही. पावसाळ्यातल्या उघाडीच्या रात्री टिन लवकर गार होते, शेडमधली दमट हवा त्याला लागून पाणी होते आणि ते थेंब वरच्या थरावर टपकत राहतात. बाहेर पाऊस नसतानाही वरचा थर ओला होतो तो असा. छत आणि गाठी यांत तीन फुटांचे अंतर ठेवावे, आणि सर्वांत वर गव्हांड्याचा (गव्हाच्या काडाचा) किंवा जुन्या चाऱ्याचा एक सुटा थर पसरावा. थेंब तो शोषून घेतो आणि तो अधूनमधून बदलता येतो. भिंतीपासून दीड-दोन फूट अंतर असावे. गाठी विटांच्या बांधकामासारख्या सांधे चुकवून रचाव्यात, म्हणजे गंजी ढासळत नाही, आणि खालचा थर कडेवर असा उभा करावा की सुतळ्या जमिनीकडे जाणार नाहीत.

तिसरी आणि सर्वांत महागात पडलेली चूक ताडपत्रीची. घट्ट गुंडाळलेली ताडपत्री पाणी आत येऊ देत नाही तसे बाहेरही जाऊ देत नाही. शेड गळत नसेल तर ताडपत्रीची गरजच नाही. गळत असेल तर ती तंबूसारखी, गाठींना न टेकता, बाजू मोकळ्या ठेवून ताणावी.

यानंतर राहते ती हवा, आणि तिच्याबद्दल मला थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण उत्तम बांधलेल्या शेडमध्येही चारा इथेच बिघडतो. वाळलेला चारा हवेतला ओलावा ओढून घेतो. मे महिन्यात १० टक्क्यांवर असलेली गाठ जुलै-ऑगस्टमध्ये, हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर आठवडेच्या आठवडे राहिली की, १५ ते १८ टक्क्यांपर्यंत सहज जाते. ९० च्या वर गेली तर बाहेरचे थर बुरशीच्या हद्दीत पोहोचतात. लोक चांगल्या हेतूने शेडची दारे दिवसरात्र उघडी ठेवतात, पंखे लावतात, आणि प्रत्यक्षात रात्रभर दमट हवा चाऱ्यावर फिरवत राहतात. बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तेव्हाच दारे उघडावीत. आर्द्रता दाखवणारे साधे मापक दाराशी टांगावे. उघाडीच्या दुपारी आकडा ७० च्या खाली आला की सर्व उघडावे, पंखा लावावा, आणि संध्याकाळी किंवा झड लागली की बंद करावे. मान्सून साधारण जूनच्या मध्यावर येतो. त्याच्या आधी शेड पूर्ण भरलेली असावी, आणि पावसाळ्यात विकत घेतलेली गाठ जुन्या गाठींत कधीही मिसळू नये.

उंदीर, मांजरे आणि कोंबड्या शेडमध्ये नसाव्यात, हे वेगळे सांगायला नको. उंदरांमागे साप येतात. पावसाळ्यात गाठींच्या खाचेत घोणस किंवा नाग सापडणे आपल्याकडे अपवाद नाही, म्हणून गाठीखाली आंधळेपणाने हात घालू नये. आकड्याने गाठ पुढे ओढावी, उजेड पाडावा, मग उचलावी.

सुतळीबद्दल मी फार काटेकोर आहे. आजकाल बहुतेक बेलर प्लास्टिकची सुतळी वापरतात, आणि तिचा तुकडा घोड्याच्या पोटात गेला तर तो कुजत नाही. आतड्यात चारा त्याच्याभोवती अडकत जातो. प्रत्येक गाठीला दोन सुतळ्या असतील तर गाठ फोडल्यावर दोन्ही, त्यांना मारलेल्या गाठींच्या तुकड्यासकट, खिळ्यावर टांगल्या गेल्या पाहिजेत, आणि संध्याकाळी मोजणी जुळली पाहिजे. सुतळी कापायची ती गव्हाणीपाशी नाही, शेडमध्येच.

गाठ फोडली की ती तशीच गव्हाणीत टाकू नये. तिचे थर सुटे करून उजेडात झटकावेत आणि वास घ्यावा. धूर उठला, कुबट वास आला, पाने एकमेकांना चिकटून पापुद्रे निघाले, तर ती बाजूला काढावी. त्याच वेळी तणही पाहावे. धोतरा आणि एरंड ही दोन झाडे माझ्या दृष्टीने सर्वांत घातक. हिरवी असताना घोडा बहुधा त्यांना टाळतो, पण वाळून चाऱ्यात मिसळल्यावर त्याला ती ओळखता येत नाहीत, आणि एरंडीचे बी घोड्याला फार थोड्या प्रमाणातही प्राणघातक ठरते. गाजर गवत फार असेल तरी गाठ बाजूला काढावी. लसूणघासाच्या गाठीत पट्ट्यापट्ट्यांचे भुंगे दाबले गेलेले दिसले तर तो चारा घालू नये. अंगावर फोड आणणाऱ्या भुंग्यांच्या शरीरात घोड्याच्या आतड्याला आणि मूत्रपिंडाला जाळणारे द्रव्य असते आणि ते मेलेल्या भुंग्यातही टिकते.

चांगल्या चाऱ्यातही थोडी धूळ असतेच. ती बसवण्यासाठी चारा दहा-पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्यात बुडवून, निथळून, लगेच घालावा. भिजवल्याने धूळ नाकात जात नाही, परंतु बुरशीचा चारा त्यामुळे चांगला होत नाही. बुरशी फक्त फुप्फुसाऐवजी पोटात जाते. आपल्या उन्हाळ्यात भिजवलेला चारा दोन-तीन तासांत आंबू लागतो, म्हणून एका वेळेस संपेल तेवढाच भिजवावा, आणि उरलेला गव्हाणीतून काढून टाकावा. ज्या पाण्यात भिजवला ते पुन्हा वापरू नये.

प्रमाणाचा हिशेब आपण बरोबर केला होता, याचा मला आनंद वाटला. ३५० किलोच्या घोड्याला दिवसाला त्याच्या वजनाच्या सुमारे २ टक्के, म्हणजे सात किलो कोरडा चारा लागतो. गाठीतल्या ओलाव्यासह तो आठ किलो होतो. चार घोड्यांना ३२ किलो, म्हणजे १८ किलोच्या ४५० गाठी साधारण आठ महिने पुरतात. एवढ्या गाठींना सुमारे ८० घनमीटर जागा लागते, आणि अडीच मीटर उंच रचून मध्ये वाटा ठेवायच्या तर साडेपाचशे चौरस फुटांची शेड हवी. आपली शेड त्याहून लहान असावी, म्हणूनच गाठी छताला भिडल्या. पुढच्या वर्षी निम्म्या गाठी विक्रेत्याकडेच ठेवून मेअखेरीस उचलता येतात का, ते पाहावे. नव्या खेपेवर घोडे नेताना आठ-दहा दिवस जुना चारा मिसळत जावे. ओटहून ओटवर जातानाही हे करावे, कारण शेत बदलले की चारा बदलतो.

मुरघासाबद्दल माझे मत ठाम आहे: विदर्भातल्या बाजारात मिळणारा मक्याचा मुरघास दुभत्या जनावरांसाठी केलेला असतो, तो घोड्यांना देऊ नये. परदेशात घोड्यांसाठी वेगळा, अर्धवट वाळवून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला गवताचा चारा करतात. आपल्याकडचा मुरघास तो नाही. मक्यावर वाढणाऱ्या एका बुरशीचे फ्युमोनिसिन हे विष घोड्याच्या मेंदूचा भाग अक्षरशः विरघळवते, आणि या विषाला घोड्याइतका संवेदनशील पाळीव प्राणी क्वचितच असेल. दुसरी भीती बोट्युलिझमची, म्हणजे जिवाणूंच्या विषाने येणाऱ्या लकव्याची. गाठीत उंदीर किंवा साप मेलेला बांधला गेला, किंवा प्लास्टिक फाटून आंबवण नीट झाले नाही, तर हवा नसलेल्या ओल्या चाऱ्यात हे जिवाणू विष तयार करतात. घोड्याच्या तोंडातून घास गळू लागतो, जीभ सैल पडते, लाळ वाहते, अंग थरथरते आणि तो आडवा होतो. असे दिसले तर तोंडाने औषध किंवा पाणी पाजू नये, कारण त्याला गिळता येत नसते आणि ते फुप्फुसात जाते. ताबडतोब डॉक्टरांना बोलवावे. त्याशिवाय उघडलेली गाठ आपल्या उन्हात एक-दोन दिवसांत संपवावी लागते, आणि चार घोडे ती संपवू शकत नाहीत. बोट्युलिझमचा धोका कमी प्रमाणात वाळल्या गाठींतही असतो, म्हणून ज्या गाठीत मेलेला प्राणी सापडेल ती गाठ आणि तिला लागून असलेल्या गाठी जाळून टाकाव्यात.

आज आपल्याकडे असलेल्या गाठींचे असे करावे. ताडपत्री पूर्ण काढावी. घोडे बाहेर बांधून, मास्क लावून, खालचा संपूर्ण थर आणि वरचे दोन थर बाहेर काढावेत. ते शेणखताच्या खड्ड्यात जाऊ द्यावेत, अंथरण म्हणूनही वापरू नयेत, कारण घोडा अंथरण खातो आणि त्यात नाक घालून झोपतो. मधल्या गाठी एकेक तोलून, प्रत्येक दहावी गाठ फोडून पाहावी. ज्या स्वच्छ निघतील त्या उघाडीच्या दिवशी बांबूंवर सैल रचाव्यात आणि आधी त्याच संपवाव्यात. कमी पडणारा चारा पावसाळा संपेपर्यंत रोजच्या रोज कापलेल्या हिरव्या गवताने भागवावा. बदल हळूहळू करावा. सोयाबीनचे कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा) स्वस्त मिळते, पण त्यातली धूळ आणि शेंगांची टोके पाहता खोकणाऱ्या घोड्यांसमोर ते ठेवू नये.

त्या दोन घोड्यांना शक्य तितका वेळ बाहेर, झाडाखाली ठेवावे, चारा भिजवून जमिनीवरच्या उथळ घमेल्यात द्यावा म्हणजे मान खाली राहून स्राव वाहून जाईल, आणि ते आत असताना तबेला झाडू नये. नाकपुड्या फाकलेल्या दिसल्या, श्वास सोडताना पोटाच्या कडेला रेघ उमटू लागली, ताप आला किंवा नाकातून घट्ट पिवळा स्राव आला, तर वाट न पाहता सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवावे, आणि जाताना त्या वाईट गाठीतला मूठभर चारा कागदी पिशवीत घालून सोबत न्यावा. प्लास्टिकच्या पिशवीत तो वाटेतच घामेजतो.